या मुलीला देणार कोण?

...नाही, मला एक सांगा, माणसाने द्यायचं तरी किती? आणि काय काय? बसा, हलिनाबाई, कोट राहू द्या अंगावर, हीटर आजही रुसलाय... नाही, आज धडा नाही. म्हणजे आहे, 'देणे' हाच आहे, पण तो शनिवारी मी स्वतःच शिकून आलोय आणि अजून सावरलेलो नाही! तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी याच हॉलमध्ये, तुमच्यासारख्या लांबून आलेल्या मंडळींना घसा फोडून सांगत आलो की बाबांनो, आमच्या इंग्रजीत 'देणे' आलं की त्याच्या मागोमाग दोघं आलेच. एक घेणारा आणि एक देण्याची वस्तू. कोणाला? काय? आजीला पुस्तक दे. पोस्टमनला चहा दे. सोपं! तुम्ही मान डोलावता, मी खूश होतो. आणि सगळं खोटं! पुस्तक देतो कोण इथे? चहा देतात, चहाचं सोडा. पण बाकी आम्ही इंग्रज एकमेकांना जे देतो ना, त्यातलं काही हातात धरता येतं का? जरा हात दे. एक मिनिट दे. निघालास की आवाज दे. पोराला संधी दे. आणि प्रेम! शेजारचा कुंपणावरून ओरडतो, "डेस्मंड, मॉरीनला माझं प्रेम दे!" आणि मी घरात जाऊन बायकोला देतो हो! "मॉरीन, शेजारच्याने प्रेम दिलंय." ती म्हणते, "ठेव तिथे."

हसा, तुम्ही हसा. तुमची मुलगी नव्हती ती.

तर आमची जेम्मा. एकुलती एक. कॅलमशी लग्न ठरलं. कॅलम चांगला मुलगा आहे, पोस्टात आहे, दिवसाकाठी तीन शब्द बोलतो, त्यातले दोन 'बरं' आणि 'बरं'. माझी तक्रार नाही. मी तर लग्न ठरल्या दिवसापासून तयारीला लागलो. आमच्यात कसं असतं, बाप मुलीचा हात धरून चर्चमधून चालत जातो, आणि पाद्री सगळ्यांसमोर विचारतात, "या मुलीला देणार कोण?" बाप म्हणतो, "मी." झालं! सबंध लग्नात बापाला एवढाच संवाद. एक शब्द! पण तो बापाचा. त्या एका शब्दासाठी मी घरात सराव केला. बैठकीतला उभा दिवा काखेत घ्यायचा, आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत सावकाश चालत यायचं. पाऊल... थांब... पाऊल... थांब. मॉरीन म्हणायची, "डेस्मंड, दिव्याला तरी सोड." मी म्हणायचो, "सोडायचाच तर सराव चाललाय!"

आणि मग तो रविवार. बीफ, बटाटे, यॉर्कशायर पुडिंग, सगळं नीट चाललेलं, मी ग्रेव्ही ओततोय, आणि जेम्मा म्हणते... अगदी मीठ मागावं तसं म्हणते, "बाबा, एक सांगायचं होतं. मला कोणी देणार नाहीये. मी एकटी चालत येणार."

ग्रेव्ही टेबलावर! माझं लक्षच नाही, मी ओततोय, ओततोय, मॉरीनने भांडं काढून घेतलं. मी म्हटलं, "म्हणजे? पाद्री विचारणार की!" ती म्हणते, "नाही विचारणार. मी थ्रॉपसाहेबांशी बोललेय. तो प्रश्नच काढून टाकलाय. मी काय पार्सल आहे का, बाबा, एकाने द्यायला आणि दुसऱ्याने घ्यायला?" आणि कॅलमकडे बघते. कॅलम म्हणतो, "बरं."

मुद्दा तिचा बरोबर! मी तिला लहानपणी हेच शिकवलं, कोणाचं ऐकून घेऊ नकोस म्हणून. ते माझ्यावरच उलटेल हे कुठे ठाऊक होतं! मी एवढंच विचारलं, "मग मी काय करायचं?" तर म्हणते, "तू मला लिफ्ट दे ना! चर्चपर्यंत." लिफ्ट! अठ्ठावीस वर्षं बाप होतो, दोन मिनिटांत ड्रायव्हर झालो!

आणि त्यानंतर सुरू झालं बघा. द्या! मॉरीन म्हणते, "डेस्मंड, फुलवालीला वेळ दे." विहीणबाई फोनवर, "डेस्मंड, केकबद्दल मत द्या." दिलं, तर म्हणाल्या, "असं कसं मत देता?" मॉरीनची बहीण म्हणते, "चेहऱ्याला जरा हसू द्या!" कोणाला? काय? सगळ्यांना सगळं! एक मुलगी सोडून! शेवटी मी म्हटलं, जेम्मा, अगं बाई, निदान जेवणाच्या वेळी बापाचं भाषण? तर गालावर पापा देऊन म्हणते, "बाबा, त्या विषयाला आता विश्रांती दे."

दिली. तीही दिली. चर्चमध्ये तोंड उघडणार नाही, असा शब्दही दिला.

तुम्हाला सांगतो, मला तिला द्यायची नव्हतीच हो. खरं सांगतो. कुठला बाप खुशीने देतो? मला फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं. एवढ्या लोकांत, मोठ्या आवाजात, "देणार कोण?" असं. म्हणजे लोकांना कळलं असतं की हिला देण्याआधी विचारावं असा एक माणूस आहे... असो.

शनिवार उजाडला. लिफ्ट दिली. चर्चच्या दारात जेम्मा उभी, फुलं या हातातून त्या हातात करतेय. मी म्हटलं, येऊ का बरोबर? ती म्हणाली, "नको बाबा. मला फक्त एक मिनिट दे." दिलं. मग आत जाऊन मॉरीनशेजारी पहिल्या बाकावर बसलो. ऑर्गन सुरू झाला, आणि आली पोर, एकटी, मान ताठ... पाऊल, थांब, पाऊल, थांब... अहो, माझ्याच चालीने! कधी बघितलं होतं हिने, देव जाणे. माझे डोळे भरून आले, मॉरीनने रुमाल दिला, सगळं छान... आणि थ्रॉपसाहेबांनी पुस्तकावरून मान वर केली, चष्मा सरळ केला, आणि जन्मभराची सवय हो, जिभेवर बसलेलं, दुसरं काय... खणखणीत आवाजात म्हणाले, "या मुलीला देणार कोण?"

अख्खं चर्च गार! साहेबांनाही कळलं, पंचाईत झाली, कान लाल झाले. पण विचारलेलं परत कसं घेणार? आणि आमची माणसं तुम्हाला ठाऊक आहेत, छप्पर कोसळलं तरी आधी दुसरा कोणी बोलतोय का ते बघतील. कोणी पुढच्या बायकांच्या टोप्या बघतंय, कोणी प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड घातलेलं. जेम्मा पाठमोरी, ताठ. कॅलम बूट बघतोय. मागून त्याची आजी, कुजबुजते असं तिला वाटतं, "द्या रे कोणीतरी पोरीला, तिकडे जेवणाचं हॅम वाळतंय!"

आणि मी? प्रश्न माझा, उत्तर माझं, ओठावर आलेलं! पण शब्द दिलेला, तोंड उघडणार नाही म्हणून. उघडू की नको? मी नुसता एवढासा श्वास घेतला हो... आणि मॉरीनला वाटलं, हा बोलणार! तिने तिच्या नव्या बुटाची टाच, ही एवढी अणकुचीदार, माझ्या पायावर रोवली. सगळं वजन देऊन!

आता इथे जन्मलेल्या माणसाचा पाय कोणी तुडवला तर तो काय म्हणतो? तुम्ही बसमध्ये बघता की रोज! तुडवणारा राहतो बाजूला, ज्याचा पाय तोच म्हणतो. मीही म्हटलं. मोठ्याने. त्या शांततेत, पार छतापर्यंत...

"सॉरी!"

थ्रॉपसाहेबांच्या चेहऱ्यावर असा आनंद! बुडत्या माणसाला फळी मिळाली. कोणीतरी बोललं, एवढंच त्यांना पुरे! "धन्यवाद, डेस्मंड," म्हणाले, आणि जेम्माचा हात उचलून कॅलमच्या हातात ठेवला. झालं. दिली! लोक मुली देतात आशीर्वाद देऊन, ताठ मानेने, मी दिली माफी मागून! आणि समोर जेम्माचे खांदे हलताहेत. मी मॉरीनला म्हटलं, "रडतेय का गं?" मॉरीन म्हणाली, "डेस्मंड, आता श्वाससुद्धा घेऊ नकोस."

हसत होती. जेवणभर हसत होती. जो तो येऊन पाठीवर थाप देतोय, "छान बोललास, डेस्मंड!" कॅलमने हात हातात घेतला, बराच वेळ धरला, आणि म्हणाला, "थँक्यू." वर "बरं"ही म्हणाला नाही, म्हणजे मनापासून. मी हॉलच्या कोपऱ्यात सॉसेज रोल घेऊन उभा. मला वाटलं, पोरीचा सगळा बेत मी मोडला.

निघायच्या वेळी ती गाडीपाशी आली. मागे आमच्या रिवाजाप्रमाणे रिकामे डबे बांधलेले, कॅलम आत बसलेला. मी म्हटलं, "जेम्मा, ते चर्चमध्ये... मी मुद्दाम नाही..." तर गळ्यात पडली. कानात म्हणाली, "बाबा, तू किती वेंधळा आहेस! त्यांनी विचारलं ना, तेव्हा मी श्वास रोखून वाट बघत होते. मला वाटलं, तू आता उठशील आणि म्हणशील, 'कोणीच नाही. मी देत नाही.'"

आणि बसली गाडीत. आणि गाडी गेली, खडखड करत, टेकडी उतरून.

म्हणजे बघा हं! अठ्ठावीस वर्षांत एकदा विचारलं कोणी, उत्तर तिने तयार ठेवलेलं, मला फक्त उचलून द्यायचं होतं! आणि मी... तिथे रस्त्याच्या मधोमध उभा राहून, गाडी दिसेनाशी झाल्यावर, मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, "नाही देत!"

मागे थ्रॉपसाहेब उभे. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उशीर झाला, डेस्मंड. आता असं करा... आत खुर्च्या आवरायच्यात, जरा हात द्या."

दिला.