कोपरातली नस आणि एक कबुली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय उत्तमराव, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे डॉक्टर राजन, सत्कारमूर्ती अलकाताई उपासनी, त्यांचे यजमान उमाकांतराव, आणि बनी पार्कपासून सांगानेरपर्यंत कुठून कुठून वेळ काढून आलेल्या माझ्या सुहृदांनो, सर्वांना नमस्कार.

मी गुलाबराव सपकाळे. मूळचा भुसावळचा, बदलीनं जयपूरला आलो आणि इथेच रुळलो. वीजजोडणीचं काम करणारा माणूस, भाषणाची सवय नाही. निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, मतलब किती वेळ बोलणार?" म्हटलं, ताईंनी मला वर्षभर सोसलंय, आज दहा मिनिटं आणखी सोसतील.

अलकाताई बावीस वर्षं आपल्या केंद्रात फिजिओथेरपी करून आता नाशिकला परत चालल्या आहेत. त्यांनी किती जणांना उभं केलं ते उत्तमरावांनी सांगितलंच. मी फक्त एका हाताबद्दल बोलणार आहे. माझ्या उजव्या.

२००४ च्या मे महिन्यात वर्कशॉपात एका पॅनेलवर काम करताना भडका उडाला आणि दंडापासून मनगटापर्यंत मी भाजलो. मांडीची कातडी काढून कोपरावर लावली. जखमा भरल्या, पण नवी कातडी आवळत गेली. घास तोंडापर्यंत पोचेना. आनंदी, माझी पत्नी, मला भरवायची. पन्नाशीच्या माणसाला ते किती जड जातं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

ताईंनी हात हाती घेतला. दिवसा व्यायाम, रात्री पट्टा बांधून कोपर वाकवून ठेवायचा. दीड महिन्यात मी माझ्या हातानं वरणभात खाल्ला. पण त्याच सुमारास करंगळीला आणि शेजारच्या बोटाला झिणझिण्या येऊ लागल्या. ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवी कातडी आहे, होतं असं." पुढच्या आठवड्यात परत सांगितलं. त्याच्या पुढच्याही.

मग एके दिवशी शर्टाचं बटण लावताना माझी बोटं चुकत होती, ते त्यांनी पाहिलं. टेबलावरचा कागद उचलून म्हणाल्या, "अंगठा आणि पहिलं बोट यांत हा घट्ट धरा." त्यांनी ओढला, अलगद निसटला. डाव्या हातात तोच कागद फाटला, पण सुटला नाही.

ताई स्टुलावर बसल्या. खोलीत आणखी चार पेशंट होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गुलाबराव, कोपराच्या आतल्या बाजूनं एक नस जाते. आवळलेल्या कातडीखाली ती दबली आहे, आणि मी रात्रभर कोपर वाकवून ठेवायला लावलं त्यानं आणखी ताणली गेली. तुम्ही तीन आठवडे सांगत होतात. मी लक्ष दिलं नाही. चूक माझी आहे."

आणि हे सगळं त्यांनी माझ्या केसपेपरवर लिहून खाली सही केली.

आनंदी संतापली. घरी येताना बसमध्ये म्हणाली, "उद्यापासून दुसरीकडे जायचं. हात गेला तर?" मी म्हटलं, "दुसरीकडे चूक झाली तर ते आपल्याला सांगतील का गं?" दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत इथेच आली.

डॉक्टर राजननी नसेची तपासणी करवली. म्हणाले, "दोन महिने बघू. नाहीतर ऑपरेशन करून नस मोकळी करावी लागेल." रात्रीचा पट्टा गेला, कोपर जवळजवळ सरळ ठेवणारी फळी आली. कातडीला मालिश, वर घट्ट बाही. नस आपल्या वाटेनं हळूहळू सरकावी म्हणून हात पसरायचा, मनगट वळवायचं, परत आणायचं. बसच्या खिडकीवर कोपर टेकवायला बंदी.

मला धीर नव्हता. "ताई, जोरात ओढा ना."

"जोर केला तर भाजलेल्या कोपरात नको तिथे हाड वाढू शकतं. मला घाई नाही, तुम्हीही करू नका."

मंडळी, त्या दिवसांत हातापेक्षा वेगळंच काहीतरी मला बोचत होतं. आज ते सर्वांसमक्ष सांगतो. त्या अपघाताच्या चौकशीत मी म्हटलं होतं, की मेन स्विच बंद करायला मी सुखदेवला सांगितलं होतं. सुखदेव माझ्या बरोबरीचा मिस्त्री. खरं म्हणजे मी त्याला सांगितलंच नव्हतं. विसरलो होतो. हातभर पट्ट्या बांधलेल्या माणसावर कोण अविश्वास दाखवणार? ठपका त्याच्यावर आला, त्याची बढती थांबली. तो एकदाही मला विचारायला आला नाही.

समोर बसलेली बाई चार लोकांत म्हणते, चूक माझी. आणि मी? नसेच्या उपचाराच्या सहाव्या आठवड्यात मी डाव्या हातानं खरं काय घडलं त्याचा अर्ज लिहिला, साहेबांना दिला, आणि सांगानेरला सुखदेवच्या घरी गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुलाबजी, दस महीने लगा दिए." त्यानं चहा दिला नाही. तो त्याचा हक्क होता.

माझी बढती दोन वर्षं अडकली, त्याची त्याला मिळाली. दोन महिन्यांनी बोटांत जोर येऊ लागला, ऑपरेशन टळलं. करंगळीचं टोक अजून बधिर आहे. पण स्क्रूड्रायव्हर धरता येतो, आणि स्विच मी स्वतः दोनदा तपासतो. सुखदेव आता माझ्याशी बोलतो. आज तो मागच्या रांगेत बसला आहे. त्याला मराठी कळत नाही, म्हणून हे सगळं सकाळी त्याला हिंदीत ऐकवून आलोय.

ताई, हा प्रसंग सांगू का, असं मी तुम्हाला परवा विचारलं. तुम्ही म्हणालात, "सांगा, पण लांबवू नका." तुमच्या बावीस वर्षांत अनेक हात बरे झाले असतील. एक माणूसही थोडा बरा झाला, एवढंच नोंदवायचं होतं. नाशिकला सुखात राहा. उमाकांतराव, ताईंना आजवर आम्हाला दिलंत, आभार. अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, आपलाही ऋणी आहे.

मागच्या वेळी माफी मागायला मला दहा महिने लागले. आज लगेच मागतो. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते पोटात घालावं. नमस्कार.