माऊसच्या पोटाले कुंकू

अबे, दसऱ्याले गजुभाऊच्या फॉर्म भरायच्या दुकानात मीच काडी केली होती. थो कम्प्युटरले हळद-कुंकू लावून राह्यला होता. मी म्हटलं, "भाऊ, माऊसचा जीव खाली राह्यते. लाल लाइट दिसते ना, तिथं लावा." त्यानं खरंच माऊस उलटा केला अन् लाइटवर बोटभर ओलं कुंकू थापलं. मी हसत हसत घरी.

दुसऱ्या दिवशी माह्याच दहावीच्या फॉर्मची शेवटची तारीख निघाली. मायले घेऊन गेलो, तं स्क्रीनवरचा बाण जागचा हालेच ना.

गजुभाऊ म्हणे, "माऊस मेला, काकू. आता बुलढाण्याले जा."

"आता कव्हा पोचावं? याचं हे बी साल गेलं!" माय रडकुंडीले आली.

थो तिले पाणी द्याले वळला, तेवढ्यात मी माऊस उलटा केला अन् सदऱ्यानं लाइट पुसली. बाण पयाले लागला. फॉर्म भरला.

गजुभाऊ छाती फुगवून म्हणे, "पाह्यलं काकू? कालच्या पूजेचं फळ!"

मायनं लगेच नारळ आणला. अन् त्या माऊसपुढं मले लोटांगण घालाले लावलं, बे!