केळीतला दोन राजकन्यांचा वाद

हसू नका, पण मालिकेतल्या बहिणींवरचा आमचा वाद बिबट्यानं मिटवला. यावलला आमच्या केळीत तो दिसल्यापासून बाबांनी बजावलं होतं, "बागेतून जाताना मोठ्यानं बोलत राहा. माणसाचा आवाज आला की तो बाजूला होतो." म्हणून बाबांचा डबा घेऊन निघालो की मी आणि धाकटी वैशू आमच्या जादूच्या मालिकेवर ओरडून भांडायचो.

त्या दुपारी मी म्हटलं, "थोरली राजकन्या रडूबाई होती, ती राणी झाली. याला म्हणतात घडणं! धाकटी पहिल्या भागात तलवार उपसते, ती शेवटपर्यंत तेच करते."

"थोरली राणी झाली ती बहिणीला शत्रूपुढे सोडून," वैशू भडकली. "तुला तीच आवडणार! जा, मला तुझ्याशी बोलायचंच नाही."

ती खरंच गप्प झाली. मीही हट्टानं गप्प. तेवढ्यात मागे वाळल्या पानांत चर्रर वाजलं. आम्ही थांबलो, तर तेही थांबलं.

वैशूनं माझा हात घट्ट धरला. "ताई, बोल ना गं."

"धाकटी... धाकटीच चांगली," मी जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं. "ती बहिणीला सोडून गेली नाही."

तसंच बोलत बांधापर्यंत आलो, तर शेजारचे नाना उभे. जिवात जीव आला. "नाना, पानांत तुम्हीच होतात होय? केवढं घाबरवलंत!"

नानांनी आमच्या मागे पाहिलं आणि हळूच विळा उचलला.

"मी तं केव्हाचा इथंच उभा आहे. पोरीहो, बोलत राहा."