ब्रेकवरचा पाय

— नाही नाही, तुमच्यावर नाही ओरडलो, ताई. खड्ड्यावर ओरडलो. तुमचं काही चुकलं नाही, तो खड्डा तिथे तुमच्या लग्नाच्या आधीपासून असेल. समोर बघा तुम्ही. आणि स्टिअरिंग इतकं आवळून धरू नका, ते कुठे पळून जात नाही. हां. आता सेकंडला टाका — आवाज आला तर येऊ द्या, गिअरबॉक्सला सवय आहे, अर्धं गाव या गाडीवर शिकलंय. आणि मी मधेच 'आई गं' म्हणालो तर ते तुमच्यासाठी नाही असं समजायचं. तुमच्यासाठी जे असेल ते मी नाव घेऊन सांगेन — क्लच, आरसा, डावीकडे. 'आई गं' हे माझं खाजगी आहे.

काय, गादी बघताय? वळून नका बघू, मीच सांगतो. ही मधे भोक असलेली गादी मूळव्याधीची नाही. सगळ्यांना आधी तेच वाटतं, फक्त विचारत कोणी नाही. कंबर आहे माझी. सायटिका. मणक्यांच्या मधली एक चकती सरकलीय आणि नसेवर जाऊन बसलीय — एवढं मोठं अंग मोकळं पडलेलं असताना नेमकी नसेवर. कळ निघते कुल्ह्यातून, मांडीच्या मागून येते, नडगीच्या कडेने उतरते आणि अंगठ्याशी येऊन थांबते. रोज तोच रस्ता, वेळ चुकवत नाही. एखादी बस अशी चालली असती तर पेपरात फोटो आला असता. कधीपासून म्हणजे — मुलगी शाळेत होती तेव्हापासून, आता तिचा मुलगा शाळेत जातो — हळू, हळू, पुढे गतिरोधक आहे. दिसत नाही, पांढरे पट्टे उडालेत, पण आहे. फर्स्टला घ्या. तिरकी नका चढवू, दोन्ही चाकं एकदम... आई गं. नाही, हे माझं. तुम्ही छान घेतलीत.

तर सांगत होतो काय — सवय होते हो. माणसाला कशाचीही सवय होते. झोपताना गुडघ्यांच्या मधे उशी. उठताना आधी कुशीवर, मग हातावर जोर, मग पाय खाली, मग जरा थांबून आपण खरंच उठणार आहोत का याचा विचार. शिंक येतेय असं वाटलं की आधी भिंत गाठायची. आणि जमिनीवर काही पडलं तर लगेच वाकायचं नाही. आणखी काहीतरी पडेपर्यंत वाट बघायची, मग एकाच फेरीत सगळं उचलायचं. आमच्या घरात एक चमचा, एक पेन आणि बायकोची एक केसांची क्लिप सध्या सोबतीला कोणी यायची वाट बघतायत. बायको उचलत नाही, कारण ती म्हणते, बघू तरी कधी उचलताय ते. — उपाय? उपाय उदंड आहेत. प्रत्येकाला एक साडू असतो, आणि त्या साडूची कंबर कसल्याशा तेलाने एका रात्रीत बरी झालेली असते. मला त्या साडूला एकदा भेटायचंय. इतक्या लोकांचा एकच साडू कसा काय, एवढंच विचारायचंय.

डॉक्टर चांगला आहे, पण स्वतः फिरत्या खुर्चीत रेलून मला सांगतो, जास्त वेळ बसू नका. म्हटलं, माझा धंदाच बसायचा आहे. गाडी उभ्याने शिकवू? तर म्हणाला, ते तुम्ही ठरवा, पण एक काम रोज करायचं. सकाळी उठलं की टाचांवर उभं राहायचं, पंजे वर उचलायचे. ज्या दिवशी उजवा पंजा उचलणार नाही त्या दिवशी गाडीत बसायचं नाही, सरळ माझ्याकडे यायचं. उद्यावर ढकलायचं नाही, कारण मग ऑपरेशन करूनही पायात जीव परत येईलच असं नाही. — करतो ना. करतो की. बेसिनला धरून रोज करतो. आज? आज जरा घाई होती. बायको बाथरूमच्या बाहेर उभी होती, तुमचा फोन येऊन गेलेला — क्लासचे फोन तीच घेते — म्हणाली, ताई वाट बघतायत, परवा परीक्षा आहे त्यांची. मग काय टाचांवर नाचत बसायचं? आरसा. उजवीकडे वळायचंय. सिग्नल द्या — तो वायपर आहे. असू द्या, काच पुसून निघाली.

तुम्ही उगाच घाबरता बघा. पहिल्या दिवशी आलात तेव्हा काय म्हणालात? नवऱ्याने शिकवायला घेतलं आणि तिसऱ्या दिवशी अबोला धरला. फाटकाचा खांब वाकला म्हणून. अहो, सगळ्यांचे नवरे असेच, निम्मं गिऱ्हाईक मला नवऱ्यांनीच मिळवून दिलंय. तेव्हा मी तुम्हाला काय सांगितलं होतं? हेच — तुमच्याकडे ब्रेक आहे तसाच माझ्याकडेही एक ब्रेक आहे, आणि माझा पाय त्याच्यावर आहे, तुम्ही विसरलात तरी गाडी थांबणार. शिकवण्यातलं खरं तर एवढंच मी करतो. बाकी क्लच, गिअर माणूस आपणहून शिकतो. मी फक्त भीती तेवढी माझ्याकडे ठेवून घेतो. परीक्षेलाही शेजारी मीच असणार, आरटीओचे साहेब मागे बसतात. आपल्याला पेट्रोल पंपावर भेटलेल्या त्या आजी आठवतात? नातवाला सोडायला गाडी घेऊन जातात आता. त्या पहिले कितीतरी दिवस डोळे मिटून चालवायच्या. मी म्हटलं, चालवा, पाय आहे माझा.

आणि एक चांगली बातमी आहे, घरी अजून कोणाला सांगितली नाही, तुम्हाला सांगतो. पाय दुखायचा थांबलाय. गेल्या आठवड्यापासून नडगीत कळ नाही, अंगठ्यात मुंग्या नाहीत, काही म्हणजे काही नाही. कंबर आहे, कंबर ओरडते अधूनमधून, मघाशी ऐकलंत तुम्ही, पण पाय एकदम शांत. इतकी वर्षं ज्याने झोपू दिलं नाही तो असा गप्प झाला की चुकल्यासारखं वाटतं. चालताना जरा फरफटतो, ते सवयीने असेल. बायको म्हणाली, उंबऱ्याला का अडखळता? म्हटलं, उंबरा उंच झालाय. — डॉक्टरला? सांगू की, त्यात काय एवढी घाई, बरं वाटतंय हे सांगायला कोणी धावत जातं का — ताई. ताई! शिडी! तो माणूस, शिडी, ब्रेक —

हुश्श.

बघा. थांबली की नाही? जराही टेकली नाही त्याला. तो बघा कसा चाललाय, खांद्यावर एवढी मोठी शिडी आणि मान पलीकडे, त्याला पत्तासुद्धा नाही. काही झालेलं नाही. मागचा वाजवू दे हॉर्न, त्याचं काम आहे ते. म्हणून तर सांगतो ना, माझा पाय असतो. वेळेवर दाबला की नाही?

— तुम्ही दाबलात?

असं वाटतं ताई, पहिल्या वेळेला सगळ्यांना असंच वाटतं. दोघांनीही दाबला असेल. पण मी आधी दाबला. दाबला म्हणजे काय, कळतं ना मला, इतकी वर्षं — खाली काय बघताय? बूट? कसला बूट.

...

हा माझाच आहे.

लेस बांधायला वाकता येत नाही म्हणून बिनलेसचे घेतले, एक नंबर मोठे, पाय सरकवला की झालं. निघाला असेल आत्ता, गडबडीत. — आधीपासून? आधीपासून म्हणजे कधीपासून? तुमच्या दारातून? तुम्ही बसलात तेव्हापासून तो असाच पडलाय तिथे? मग बोलायचं नाही का! ...हो. बरोबर आहे. तुम्हाला वाटलं, दुखतंय म्हणून सरांनी मुद्दाम काढून ठेवला असेल. कोणालाही तेच वाटेल. सर आहेत, त्यांना त्यांच्या पायातल्या बुटाचं माहीत असणारच.

थांबा जरा. गाडी बाजूला घ्या. न्यूट्रल. हँडब्रेक. थांबा, मी ब्रेकवर ठेवून दाखवतो. — हं. — आता बघा, मांडी उचलतेय. मांडी येतेय वर. पाऊल... पावलाला सांगतोय मी. ऐकतंय असं दिसतंय तुम्हाला? मलाही नाही. तुम्ही बघू नका हो असं. हाताने उचलून ठेवलं तर राहतं, हे बघा, राहिलं. — पडलं.

सकाळी घाई नव्हती, ताई. टाचांवर उभा राहिलो होतो मी. डावा उचलला. उजव्याला म्हटलं, चल, तो नाही आला. मी बेसिनचा नळ जोरात सोडला, बायकोला वाटावं दाढी चाललीय. कालही नळच सोडला होता. परवा आला होता थोडा, मला वाटतं परवा आला होता. खरं सांगू? ऑपरेशनची भीती नाही वाटत. टेबलावर झोपायचं, दुसरे लोक काम करतात. भीती वाटते ती नंतर घरी बसायची. ती फोन उचलणार आणि म्हणणार, सर सध्या शिकवत नाहीत. मग मी कोण? त्या घरात चमचा उचलायलासुद्धा मी उपयोगाचा नाही. इथे या सीटवर बसलो की निदान कोणीतरी माझ्या भरवशावर डोळे मिटून गाडी चालवतं. आणि काल त्या आजी परत आल्या होत्या, घाटात चालवायला शिकवा म्हणून. नेलं मी त्यांना. वर जाऊन खाली आणलं. सगळा उतार मी त्यांना सांगत होतो, घाबरू नका, मी आहे.

कोण होतं हो तिथे? त्या एकट्याच होत्या.

...

पाणी नको. बरा आहे मी. असं करा, मला घरी सोडा. सावकाश. चालवाल, आत्ताही तुम्हीच चालवत होता, आठवडाभर तुम्हीच चालवताय, ते दोघांनाही माहीत नव्हतं इतकंच. बायकोला मी सांगतो, तुम्ही काही बोलू नका. परीक्षेला दुसऱ्या क्लासचे सर देतो शोधून, चांगले आहेत, पाय आहेत त्यांना. आणि डॉक्टरकडे उद्या सकाळी जातो. पहिला नंबर लावतो. आज आता सगळं आवरून ठेवायला लागेल, चार लोकांना फोन करायला लागतील, एका दिवसाने काय असा मोठा — हां, निघा. क्लच. फर्स्ट. आरसा बघितलात? बघितलात. छान. हळूहळू सोडा. असं.

ताई, सिग्नल चुकलाय तुमचा. माझं घर डावीकडे. हा उजवीकडचा रस्ता दवाखान्याचा आहे.

ताई, डावीकडे म्हणतोय मी.

...

बरं. सेकंडला टाका.