बरणीवरचा शेरा

बाई : आधी फडकं सोडा, साहेब. झाकलेल्या बरणीकडे बघून मी काय सांगणार?

साहेब : सोडतो. आज नववा दिवस. अन्न-निरीक्षक म्हणून उभा जन्म दुसऱ्यांच्या बरण्या तपासण्यात गेला, पण स्वतः हा आंबवलेला चहा, कोम्बुचा, पहिल्यांदाच लावलाय.

बाई : विरजणाची चकती कुठून आणलीत?

साहेब : सुनेनं मैत्रिणीकडून आणून दिली. साखरेचा चहा पार गार केला, तिच्याच बरणीतलं आंबट पाणीही घातलं. पण हे बघा, तपकिरी काय लोंबतंय. आणि वर ही पांढरी साय.

बाई : हात धुतलेत ना? मग बोट लावा सायीला.

साहेब : गुळगुळीत आहे. ओली.

बाई : बुरशी कोरडी असते, केसाळ. वरच्या वर ठिपक्याठिपक्यांनी धरते, हिरवी नाहीतर काळी. ही नवी चकती धरतेय. खाली लोंबतात ते यीस्टचे तंतू. वास घ्या.

साहेब : आंबट. व्हिनेगरसारखा.

बाई : कुजका नाही ना? मग झालं तर. पहिल्या खेपेला माझीसुद्धा एवढी जमली नव्हती.

साहेब : नीट बघा, बाई. कुठेतरी खराब असेल.

बाई : चांगली निघाली तर लोकांचा जीव भांड्यात पडतो. तुमचा चेहरा का उतरला?

साहेब : मी ती खराब निघावी म्हणून आणली होती.

(बाई टेबल पुसत राहतात.)

साहेब : तुम्ही मला ओळखलं नसेल.

बाई : दारातच ओळखलं. केस गेले, पण चौकटीवर बोट फिरवून धूळ बघायची खोड गेली नाही.

साहेब : तुमच्या सात बरण्या मी मोरीत ओतायला लावल्या. असेच तंतू होते. अशीच साय.

बाई : अगदी अशीच. बोट लावून बघा म्हणून मी तुमच्या मागे मागे फिरत होते.

साहेब : मी 'बुरशी' असा शेरा मारला आणि सही ठोकून मोकळा झालो. आज ही खराब निघाली असती, तर तो शेरा खरा ठरला असता.

बाई : त्याच आठवड्यात दुकानाची पाटी उतरवली. सहा वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात राबले, तेव्हा कुठे हे सरबताचं दुकान उभं राहिलं. नणंद अजून 'बुरशीवाली वहिनी' म्हणते. हसून म्हणते, पण म्हणते.

साहेब : मला शंका आली होती, बाई. अशा वेळी नमुना तपासायला पाठवायचा नियम होता. त्याचे चार कागद भरावे लागायचे. शनिवार होता, मला लवकर घरी जायचं होतं. एवढंच कारण. आता तुमच्यासमोर मान वर करायची लाज वाटते.

बाई : वाटू दे. वाटू नये असं मी म्हणणार नाही.

साहेब : हीसुद्धा ओतून टाकू का मोरीत?

बाई : एकदा ओतलं तेवढं पुरे. हिच्या चकतीचा एक थर मला काढून द्या. त्या दिवसानंतर मी बरणी लावलीच नाही. पेन आहे?

साहेब : खिशातच असतं.

बाई : मग या कागदावर शेरा लिहा. बुरशी नाही, पिण्यास योग्य. खाली सही.

साहेब : तारीख? त्या दिवशीची घालू?

बाई : आजचीच घाला. त्या दिवशी तुम्ही घाईत होतात.