टेबलाला छप्पन्न भोकं

...अहो नाही, ऐकून तर घ्या! नवंकोरं प्लायवूड, दोन बोटं जाड, त्याला एक ओरखडा नाही, आणि त्याला म्हणे भोकं पाडा! एक नाही, दोन नाही, छप्पन्न! टेबल आहे का चाळण? आणि मी चिडून नाही बोलत हं, माझा आवाजच असा आहे!

म्हणतंय कोण? आमची ही. बायको. तुम्हाला सांगतो, मी सुतार, चौथीपर्यंत शिकलेला, पण माझ्या रंध्याखाली लाकूड लोणी होतं, कुणालाही विचारा... फक्त टेबल कधी नव्हतं. सगळं काम जमिनीवर. दोन ठोकळे, वर फळी, आणि कापताना फळी हलली की हाक मारायची, "अगं ये, बस जरा!" ती हातातलं टाकून यायची, फळीवर बसायची, मी करवत चालवायचो. तीस वर्षं! चौकट जोडली की सरस धरेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून ठेवायची बिचारी... बिचारी कसली, तोंड चालूच! "वाकडं चाललंय." "डावीकडं जातंय." "अहो, रेघ कुठं, करवत कुठं!"

आता मला सांगा, सुताराला रेघ बायकोनं दाखवायची? मागच्या महिन्यात भडकलोच. म्हटलं, "तू नुसती बस! वजन म्हणून बोलावलंय, अक्कल म्हणून नाही!"

झालं. उठली. करवत अर्ध्यात, फळी उलटी, थेट माझ्या नडगीवर! आणि ही थंडपणे म्हणते, "वजनच पाहिजे ना? दगड ठेवा." गेली घरात.

ठेवला की दगड! मी काय भितो? शाळेच्या आठ खिडक्या करायच्या होत्या, पहिली दगडाच्या भरवशावर केली, बसवायला नेली, तर तिथला गवंडी कोपऱ्याला काटकोन बघायचा गुण्या लावतो, डोकं खाजवतो, आणि सगळ्यांसमोर, "मिस्त्री, ही खिडकी आहे का पतंग?" हसली ना सगळी! वर म्हणतो, "बाकीच्या अशाच असतील तर दुसरा सुतार बघू." दुसरा सुतार! मी जिवंत असताना! चिडून नाही सांगत, आवाजच असा आहे...

घरी आलो. मान खाली घालून... खाली नाही, जराशी तिरकी. म्हटलं, "येतेस का बसायला?"

"नाही."

"अगं, पण खिडक्या..."

"मी फळीवर बसणार नाही. टेबल करू."

"करा" नाही म्हणाली हं, "करू" म्हणाली! खडू घेतला, शेडमधे प्लायवूड आडवं टाकलं, आणि चढली की त्याच्यावर! "खिडकी इथं असली की माझा गुडघा इथं." मारली फुली. "डावा हात इथं." फुली. "लांब फळी असली की मी अशी वळून दाबते." फुली, फुली, फुली! तीस वर्षांत कुठं बसली, कुठं रेटलं, कुठं हात धरला, सगळं पाठ! आणि मला? आईशपथ, एक जागा आठवत नव्हती. मी आपला रेघ बघत होतो... तीही धड नाही.

"ह्या फुल्या ओळीत घ्या आणि भोकं पाडा. भोकातून आवळायचा शिकंजा वर येईल, माझ्याऐवजी तो धरेल. कडेच्या दोन ओळींत खुंट्या ठोका, त्यांना चौकट टेकवली की कोपरा आपोआप गुण्यात." मी फुल्या मोजतोय. "वरची फळी पायांच्या बाहेर वीतभर काढा, नाहीतर कडेला शिकंजा चावणार कुठं?" छप्पन्न भरल्या! "मधे फट ठेवा करवतीला, आणि फटीच्या कडांना पट्ट्या, नुसत्या स्क्रूवर. कापल्या गेल्या की बदलायच्या."

आता मात्र तापलो. "म्हणजे मी स्वतःचंच टेबल कापणार, असं धरून चाललीस तू?"

"माझी चप्पल नव्हती कापलीत?"

...कापली होती. एकदाच. दोनदा.

पाडली मग छप्पन्न भोकं. आणि तुम्हाला सांगतो, खोटं कशाला बोलू, काय टेबल झालंय! मी रागानं लाथ घालून बघितली, माझाच अंगठा सुजला! आठच्या आठ खिडक्या केल्या, ती पतंगही मोडून नव्यानं केली. गवंड्यानं गुण्या लावला, केसाएवढी फट नाही. बघतच राहिला. म्हटलं, "काय बघतोस? बायकोनं टेबल केलंय माझ्या!" ओरडूनच सांगितलं. आवाजच असा आहे.

पण परवा कपाटाचं दार कापायला घेतलं. टेबलानं असं धरलंय, असं धरलंय... आणि मी रेघ सोडून बोटभर पलीकडं! गेलं दार! आणि टेबल? हूं नाही, चूं नाही!

गेलो घरात. "अगं, जरा येतेस का?"

"का? धरायला टेबल आहे की."

"धरायला नको."

"मग?"

इकडं बघितलं, तिकडं बघितलं, म्हटलं, "...बोलायला."

आली. खुर्ची घेऊन आली! ऐसपैस टेकून बसली, आणि मी अजून करवतीला हातसुद्धा लावला नव्हता, तर म्हणते, "अहो, आधी पेन्सिलीला टोक करा."

बघितलं. बोथटच होती.