लाल चिंधी

मांजरसुंब्याच्या फाट्यावर तेजश्री बीडच्या एसटीची वाट बघत होती. ऐकायचं तिच्या मनात नव्हतं, पण तिच्या पाठीला पाठ लागेल इतक्या जवळच्या मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा भाऊ बोलत होते.

"दानम्माक्का, दाजी वारून सहा महिने झाले. सीताफळाला पाणी कोण देतं?"

"ठिबक हाय की. मीच चालू करते."

"दीडशे झाडं. कुठली नळी तुंबली ते तुला दिसतं का?"

"चिंधी दिसती."

"कसली चिंधी?"

"तुझे दाजी न्हाई का, ज्या झाडाचा थेंब थांबला त्याला लाल चिंधी बांधायचे. साफ करून थेंब गळाया लागला, की मगच सोडायचे."

"ते होते तवाचं झालं."

"अजून बांधलेली असती. नळी उघडून बघितली, की आत क्षाराचा खडा."

"गडी बांधत आसंल."

"गडी कुठं ठिवलाय? आन् गाठ डावखुऱ्याची हाय. त्यांचीच."

"कधी चुकली का?"

"एकदाबी न्हाई. बोअरच्या करंगळीएवढ्या धारेवर एक झाड वाळलं न्हाई माझं."

"मग आज बीडला कावून निघालीस?"

"मोठ्या दवाखान्यात."

"काय होतंय?"

"काईच न्हाई."

तेजश्रीनं वळून पाहिलं. म्हातारीनं पदराखालून हात बाहेर काढला. मनगटाला लाल चिंधी बांधलेली होती.

"सकाळी उठले तवा होती."

भावानं गाठ चाचपून बघितली.

"सोड की मग, अक्का."

"दुरुस्त झाल्याबिगर कशी सोडू?"